गुरुवारचा साडेनऊचा मुहूर्त

माझ्या डाव्या भुवईवर तीन टाके आहेत. लोकांना वाटतं, विमान पडलं असेल. विमान कशाला पडतंय! ते टाके एका विद्यार्थ्याच्या चुलत्याच्या हातातल्या चांदीच्या कड्याचे.

लातूरच्या धावपट्टीवर मी विमान चालवायला शिकवतो. आधी सहायक प्रशिक्षक होतो. शेजारी बसून शिकवायचं, पण विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याला उडायला सोडायचा अधिकार नव्हता. आणखी तास उडलो, आणखी परीक्षा दिल्या, तेव्हा कुठं त्या परवानगीची सही माझ्या हातात आली. निलंग्याचे माझे सासरे अजून म्हणतात, "ड्रायव्हिंग स्कूलच की!"

मुरुडकडचा एक विद्यार्थी होता. डोक्यानं लई हुशार, पण जमीन जवळ आली की विमान वर-खाली करायचा दांडा गच्च आवळून धरायचा. मंगळवारी उतरताना तसाच गोठला. नाक खाली, धावपट्टी अंगावर येत चाललेली. "सोड, भाड्या, सोड!" ऐकेचना. शेवटी त्याच्या दंडावर असा बुक्का हाणला की हात सुटला आणि मी विमान वर उचललं. मग एक फेरी मारून मीच खाली उतरवलं.

हे त्यानं घरी सांगितलंच नाही. इकडे घरच्यांनी नव्या ट्रॅक्टरसारखा त्याच्या एकट्याच्या उड्डाणाचा मुहूर्त काढून ठेवलेला, गुरुवार, सकाळी साडेनऊ! दोन जीपा भरून पाव्हणे आले. हार, पेढे, वर हलगीवाला.

त्याचे चुलते पुढं झाले. "मास्तर, करा सही."

"न्हाई होत. अजून तयार न्हाई तो."

"सारी भावकी आणलीय. आमच्या इज्जतीचं काय?"

"इज्जत राहू द्या, काका. पोरगं मरंल."

कड्याचा हात भुवईवर बसला. मग दोघांनी धरलं, तिसऱ्यानं पोटात लाथ घातली. हलगीवाल्याला वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. तो वाजवतच राहिला. भुवईचं रक्त डोळ्यात गेलं. भ्यालो मी, खोटं कशाला बोलू? चुलत्यांनी माझ्या बोटांत पेन कोंबलं. मी ते फेकून दिलं. अजून एक बसली.

तेवढ्यात तो विद्यार्थी मधे घुसला. ज्या चुलत्यापुढं कधी मान वर केली नव्हती, त्याला छातीवर ढकललं आणि शर्टाची बाही वर ओढली. दंड काळानिळा.

"हे बी यांनीच मारलंय. मारलं म्हणून जिता हाय मी. मला उतरताच येत न्हाई, काका."

हलगी थांबली. चुलत्यांनी तो दंड बोटानं दाबून बघितला. पोरगं कळवळलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "मास्तर, अजून हाणा. पण उतरवायला शिकवा."

मी त्यांना माफ केलं नाही. टाके घालताना तर त्यांची आईमाई काढली. शुक्रवारी सकाळी मात्र त्या पोराशेजारी बसलो आणि म्हणालो, "दांडा सैल धर."