चार नंबरच्या नावावरची बास्केट

बास्केटबॉलच्या त्या जगात त्यांना सगळे टेबलबाई म्हणत. खेळाडू म्हणत, रेफरी म्हणत, आणि पुढे पुढे टपाल कचेरीतले लोकही म्हणायला लागले. आठवडाभर टपालाची छाननी आणि शनिवार-रविवार पुरुषांच्या राष्ट्रीय लीगमधलं टेबल, असा बाईंचा जन्म गेला म्हणा ना. टेबल म्हणजे मैदानाच्या कडेला, मधोमध मांडलेलं लांब लाकडी टेबल. एक घड्याळवाला, एक फाउलचे आकडे वर करून दाखवणारा, आणि मध्ये बाई, पुढ्यात स्कोअरशीट. बास्केट झाली की गुणांच्या रकान्यात आकड्याशेजारी खेळाडूचा नंबर टाकायचा, फाउल झाला की त्याच्या नावापुढच्या पाच चौकटींपैकी एक भरायची. पाच भरल्या की गडी बाद, बाकावर बसायचं. एवढं साधं काम. पण ते करताना आपलं-परकं सोडून द्यावं लागतं, आणि बाईंना वाटायचं, ते आपल्याला जमतं.

आता या लीगचा इतिहास लिहायचं खूळ ऑफिसला सुचलं, आणि तिथून सगळ्या भानगडीला सुरुवात झाली. म्हणे पन्नास वर्षं झाली. कशाला पन्नास? सुरुवातीला कारखाने, बंदर, वीज कंपनी असल्या आठ संघांची ती नुसती स्पर्धा होती. चार वर्षांनी तिला लीग म्हणायला लागले, मग महालीग, मग कुठल्याशा शीतपेयाचं नाव पुढे लागलं, मग एका रंगकंपनीचं. एक वर्ष हॉलचं छप्पर गळत होतं म्हणून काही झालंच नाही, तरी त्या वर्षाला नंबर आहे. आणि मधली दोन वर्षं तर दोन अध्यक्षांचं बिनसलं, तेव्हा देशात एकाच वेळी दोन राष्ट्रीय लीग चालल्या. दोघीही स्वतःला अकरावा हंगाम म्हणायच्या! दोन विजेते, दोन करंडक, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांना तोतये म्हणणार. शेवटी समेट झाला आणि दोन्हीकडच्या विजेत्यांचा एकच सामना ठेवला गेला. बंदर विरुद्ध वीज कंपनी. जो जिंकेल तो खरा. तो बारावा हंगाम धरायचा की तेरावा, ते अजून कोणाला माहीत नाही.

बाईंनी ऑफिसातल्या त्या नवीन सेक्रेटरीला फोनवर हे सगळं दोनदा सांगितलं. पोरगी हुशार, पण तिचंही डोकं गरगरलं.

"मावशी, तुम्ही हंगामांचं सोडा," ती म्हणाली. "मला फक्त तो सामना द्या. सत्तर-एकोणसत्तर. कप्तानकाकांची शेवटच्या सेकंदाची बास्केट. पुस्तकाचं पहिलं पान तेच आहे, आणि रविवारी काकांचा सत्कार. आमच्याकडची पांढरी प्रत त्या गळक्या छपरात गेली. तुमच्याकडची गुलाबी आहे ना? तिचा पूर्ण फोटो पाठवा. आणि एक फॉर्म पाठवलाय, त्यावर सही करा. टेबलावरून ही बास्केट तुम्ही डोळ्यांनी पाहिली, एवढंच."

शीटच्या तीन प्रती निघायच्या: पांढरी ऑफिसला, गुलाबी जिंकणाऱ्याला, पिवळी हरणाऱ्याला. गुलाबी बाईंच्याच घरात, कारण बंदर संघाचा कप्तान म्हणजे बाईंचे यजमान. लग्न सामन्यानंतर वर्षभराने झालं, पण लोक अजून डोळे मिचकावून विचारतात, आधी बास्केट की आधी बाई? आणि वीज कंपनीकडून कोण खेळत होतं? बाईंचा सख्खा मोठा भाऊ. आता बोला!

गुलाबी प्रत दिवाणखान्यात फ्रेममध्ये होती. फ्रेम आणली तेव्हा ती लहान पडली, म्हणून कागद मधोमध दुमडून आत घातलेला. बाहेर दिसायचा तो गुणांचा रकाना, शेवटी सत्तर, आणि त्याशेजारी बाईंच्या हातचा ठसठशीत चार. चार नंबर म्हणजे कप्तान. नावं आणि फाउल असलेला अर्धा भाग मागे. अडतीस वर्षं भिंतीकडे तोंड करून तो तसाच बसलेला.

शुक्रवारी कप्तान गुडघ्याच्या व्यायामाला दवाखान्यात गेले, तेव्हा बाईंनी फ्रेमचे खिळे काढले, कागद उलगडला आणि खिडकीशी नेला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिला.

चार नंबरच्या नावापुढच्या पाचही चौकटी भरलेल्या होत्या. शेवटच्या चौकटीत बारीक अक्षरात मिनिट लिहिलं होतं: छत्तीस.

सामना चाळीस मिनिटांचा. म्हणजे शेवटची चार मिनिटं कप्तान मैदानावर नव्हतेच. मग चाळिसाव्या मिनिटाला त्यांनी बास्केट केली कशी? बाकावरून? बाईंनी बोट फिरवून आकडे पडताळले. हस्ताक्षर त्यांचं. पाच फाउलही त्यांनीच लिहिलेले, आणि सत्तरशेजारचा चारही त्यांनीच.

हळूहळू थोडं थोडं आठवायला लागलं. शेवटचा टोल वाजायच्या आधी वीज कंपनीच्या जाळीखाली झुंबड उडाली होती, बॉल आत पडला, हॉल दणाणला. बाईंनी शेजारच्या घड्याळवाल्याला विचारलं, "कोणाचा?" तो ओरडला, "तुमच्या दादाचा हात लागला, स्वतःच्याच जाळीत!" अशी बास्केट समोरच्या संघाच्या कप्तानाच्या नावावर लिहायची असते. बाईंनी लिहिली. पण नियम म्हणतो, त्या क्षणी मैदानावर असलेल्या कप्तानाच्या. खरा कप्तान बाद झाला की त्याच्या जागी जो कप्तानी करतो, त्याच्या. तो होता नऊ नंबर, एक बुटका, चपळ गडी, पुढे दूरदेशी गेला तो गेलाच. शिवाय त्या काळी लीगमध्ये पद्धत होती, अशा बास्केटची शीटच्या तळाशी एक ओळ लिहायची: स्वतःच्या जाळीत, अमुक नंबरकडून. ती ओळही नव्हती. वार्ताहर तर शेवटच्या मिनिटांआधीच निघून गेलेले. त्यांनी शीटवरून बातमी केली आणि कप्तान रातोरात हिरो झाले. बंदरच्या पोरांनी हसण्यावारी नेलं. करंडक हातात असताना कोण कशाला चौकशी करतंय?

घड्याळवाला वारला त्याला आठ वर्षं झाली. बाईंनी पर्स उचलली आणि दादाचं घर गाठलं.

दादा बाल्कनीत मोडका पंखा उघडून बसला होता. वीज कंपनीतून निवृत्त झाल्यापासून तो अख्ख्या इमारतीचे पंखे फुकट दुरुस्त करतो आणि वहिनीची बोलणी खातो. बाईंनी कागद समोर धरला.

"दादा, खरं सांग. तो बॉल तुझ्या हाताला लागला होता?"

दादाने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "आज इतक्या वर्षांनी विचारतेस?"

"सांग रे."

"मला वाटतं लागला. चार हात होते वर. एक माझा. आमचा लंबूही होता तिथे. पण ड्रेसिंग रूममध्ये सगळे माझ्याकडेच बघत होते, म्हणजे माझाच असणार." त्याने हात पुसले. "तू शीटवर ती ओळ लिहिली नाहीस. माझा नंबर टाकला नाहीस. दुसऱ्या दिवशी पेपरात माझं नावसुद्धा नाही. तुला काय सांगू, मी रडलो होतो गं. म्हटलं, हिने मला वाचवलं. स्वतःचं टेबल पणाला लावून वाचवलं."

बाईंनी कागदाची घडी घालायला घेतली.

"म्हणून तर," दादा म्हणाला, "बाबा तुझ्या लग्नाला नाही म्हणत होते, तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. आठवतंय? ज्याने आपल्याला हरवलं त्याच्या घरात मुलगी देणार का, म्हणून काका तावातावाने भांडायला आले होते. मी म्हटलं, द्यायची. तुझे उपकार होते ना माझ्यावर."

उपकार! बाईंना ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, कसले उपकार, ओळ लिहायची विसरले मी! पण दादाचा चेहरा इतका मोकळा दिसत होता की त्यांनी नुसतं "पंख्याचं बघ" म्हटलं आणि त्या उठल्या. जिन्यात मात्र त्यांना काही केल्या उमगेना, की आपलं लग्न नेमकं कशामुळे झालं. आपल्या विसरण्यामुळे? दादाच्या गैरसमजामुळे? की त्या लंबूच्या हातामुळे?

घरी आल्या तर कप्तान आलेले. रिकाम्या फ्रेमकडे बघत उभे होते.

"शीट कुठाय?"

"माझ्याकडे आहे. बसा आधी."

"रविवारी काय बोलायचं ते ठरवलंय मी," कप्तान बसता बसता म्हणाले. "डावीकडून आलो, एकाला चकवलं, आणि मनगटाने असा सोडला." त्यांनी हात वर करून दाखवलं. बाईंनी हे हजारदा पाहिलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ते म्हणायचे, अगं, मी नव्हतो, लोक उगाच म्हणतात. लोकांना तो विनय वाटायचा. मग त्यांनी नाही म्हणणं सोडलं. मग हसायला लागले. आता त्यांच्या मनगटालाही ती बास्केट आठवते. बाईंना त्यांचा राग येईना आणि दयाही येईना. नुसतं भरून आलं.

शीट उलगडून त्यांनी टीपॉयवर ठेवलं आणि पाच चौकटींवर बोट ठेवलं. 

कप्तान कागदावर वाकले. चष्मा वर केला, खाली केला.

"छत्तीस?"

"हो."

"मग मी कुठे होतो गं तेव्हा?"

इतक्या भाबडेपणाने त्यांनी विचारलं की बाईंना हुंदका आवरेना. "बाकावर. टेबलाच्या शेजारीच. डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होतात, आणि दोन्ही हातांनी माझ्या टेबलाची कड धरली होती. इतकी घट्ट, की माझं पेन हलत होतं."

"पण मला बॉल आठवतोय. त्याचा खरखरीतपणा आठवतोय."

"आठवत असेल. बाकीची छत्तीस मिनिटं खेळलातच की."

कप्तान मागे टेकले. त्यांचा एवढा दांडगा देह, आणि खुर्चीत जागा उरल्यासारखी दिसली. रविवारचा कोट कपाटाच्या दाराला इस्त्री करून टांगलेला होता. तिकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"तू असं कसं लिहिलंस?" शेवटी ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, नुसता गोंधळ होता. "तू तर कधी चुकत नाहीस. रेफरी तुला विचारून निकाल द्यायचे. पाचवा फाउल तूच भरलास, मी बाद झालो हे तुला सगळ्यात आधी माहीत. आणि चार मिनिटांनी माझ्याच नावावर बास्केट? त्या नऊ नंबरचं सोड, बॉल कोणाच्या हाताला लागला ते तरी पाहिलंस ना?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की उत्तर इतकी वर्षं त्यांनी स्वतःलासुद्धा दिलेलं नव्हतं.

"नाही पाहिलं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर घड्याळवाल्याला विचारावं लागलं."

"बॉल हवेत असताना तू बघत कुठे होतीस मग?"

"तुमच्याकडे."

कप्तानांना ते कळायला वेळ लागला.

"माझ्याकडे? मी तर टॉवेलखाली होतो."

"टॉवेलकडे, हातांकडे, काय सांगू! दहा सेकंद उरले होते, सगळा हॉल जाळीकडे बघत होता आणि मी मूर्खासारखी बाकाकडे. म्हटलं, आता हा माणूस हरला तर याचं काय होईल. मान वर केली तर सामना संपलेला. तुमच्या नंबराशिवाय दुसरा नंबर डोक्यात नव्हताच, तोच लिहिला."

कप्तान काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, परत चढवला आणि शीटवरचा तो चार पुन्हा पाहिला, आयुष्यात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा.

"आपल्या लग्नाआधी तू माझ्याशी धड दोन वाक्यं बोलली नव्हतीस," ते म्हणाले. "मला वाटायचं, बास्केटमुळे हो म्हणालीस."

"हात्तिच्या! बास्केट पाहिलीय कोणी?"

शनिवारी सकाळी बाईंनी सेक्रेटरीला शीटचा पूर्ण फोटो पाठवला. पाचच मिनिटांत तिचा फोन आला. शीटवर रेफरीची सही आहे, मावशी, सही झाली की शीट बंद, आता नोंदीत चारचा नऊ करता येणार नाही, नियमच आहे. मग पहिल्या पानावर लिहू काय? काकांनी केली लिहू? नऊ नंबरने? तुमच्या भावाने? की त्या लंबूने? सत्कार कोणाचा करायचा? पोरीला रडू फुटायचं बाकी होतं.

कप्तानांनी फोन मागून घेतला. "बाळ, सत्कार रद्द कर. आम्ही दोघं प्रेक्षकांत बसू, आणि मेव्हण्यालाही घेऊन येऊ. कोट इस्त्री केलाय तर घालीनच."

मग त्यांनी फॉर्म बाईंपुढे सरकवला, पेनाचं टोपण काढून दिलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. जिथे सही करायची होती तिथे बाईंनी आपल्या त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं: "टेबलावर मी होते. बास्केट मी पाहिलेली नाही." आणि खाली सही केली.