दोन शहरांमधले काका

मस्तगडला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांचा थोरला पुण्यात, धाकटा संभाजीनगरात. नळाला पाणी येईपर्यंत ओट्यावर बसून ते दोन्ही शहरं तोलायचे, जणू दोन्हीकडचे लोक त्यांना न्यायला दारात उभे आहेत.

"संभाजीनगर बिलकुल जवळ हाय. पन पुण्यात पाणी रोज येतं."

शेवटी पुण्याला गेले आणि आठवडाभरात परत आले. तिथंही सवयीनं पहाटे उठून त्यांनी घरातली सगळी भांडी पाण्यानं भरून ठेवली होती. सुनेनं ती त्यांच्यादेखत सिंकमध्ये ओतून दिली. पोरगा मोबाइल बघत राहिला.

"मग आता संभाजीनगर?" मी विचारलं.

ड्रमवर झाकण दाबत ते म्हणाले, "तिथं बोलावलंय कुणी?"