‘टा’च्या पुढची ओळ

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरले. हे विसरता आलं नाही. तेव्हा मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटात थाना प्रभारी होते.

एका खासगी दवाखान्यातून मृत्यूची सूचना आली. हट्टा गावची एक शिक्षिका पायाच्या जखमेचा ताप घेऊन आली होती. ती तापानं बरळत होती, नवरा नोंदणीच्या खिडकीवर होता. डॉक्टरांनी संगणकावर तिची माहिती पाहून पेनिसिलिनची सुई दिली आणि दहा मिनिटांत ती गेली. नवरा एकच सांगत होता, हे औषध तिला चालत नाही आणि दोन वर्षांपूर्वी इथंच ते लिहून घेतलं होतं.

मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, कायम केला, पंचनामा केला. संगणकावर तिच्या न चालणाऱ्या औषधांच्या रकान्यात फक्त ‘टा’ होतं. मी लिहिलं, ‘कोई चेतावनी दर्ज नहीं।’ टायपिंगच्या घाईत पडलेलं अक्षर असेल, असं समजून त्या ‘टा’बद्दल कोणाला विचारलं नाही.

संशय नोंदी करणाऱ्या सिस्टरवर आला. बाई लांजीची, पंधरा वर्षांची नोकरी. दवाखान्यानं तिला त्याच दिवशी घरी बसवलं.

“लिहिलं होतं, तर गेलं कुठं?” मी विचारलं.

“मले काय माहीत, मॅडम? तिले समोर बसवून लिहिलं म्या. मास्तरीणबाई हासून म्हणे, सिस्टर, शुद्धलेखन तपासू का?”

“आता स्वतःला वाचवायला गोष्टी रचू नकोस.”

“काहून रचू? ते मेली न मॅडम.”

खोटं बोलणारा माणूस सहसा स्वतःची सुटका आधी मागतो. हिनं ती एकदाही मागितली नाही. तरी मी तिला तीन दिवस बोलावत राहिले.

चौथ्या दिवशी, बातमी वाचून, उकवा गावच्या दवाखान्यातून एका कंपाउंडरचा फोन आला. “मॅडम, नवीन सॉफ्टवेअर टाकल्यापासून आमच्या इथंबी जुन्या मराठी ओळी अर्ध्याच दिसून राह्यल्या. कंपनीले सांगतलं, त म्हणे माहीत आहे.”

हे ‘माहीत आहे’ मला टोचलं. शिक्षिका गेली त्या दवाखान्याचा जुना संगणक अडगळीत पडला होता. पंचांसमोर तो सुरू करवला. त्याच रकान्यात पूर्ण ओळ होती: ‘टाळा – पेनिसिलिन. अंगावर पुरळ, दम लागतो.’ बाकी सिस्टर हिंदीत ‘न दें’ लिहीत. ही एकटी मराठीत ‘टाळा’ लिहायची.

कंपनीच्या माणसाला थान्यात बोलावलं.

“मैडम, छोटी-सी कमी है. पुराने फ़ॉन्ट का ‘ळ’ नए में नहीं बैठता, वहाँ से लाइन कट जाती है. हिंदी में तो यह अक्षर आता ही नहीं.”

“कब से पता था?”

“चार महीने से.”

“दवाखानों को बताया?”

“ऊपर से कहा था, बताएँगे तो कोई नया वर्ज़न नहीं लेगा. चुपचाप ठीक कर देंगे.”

ज्यांनी गप्प राहायला सांगितलं, त्यांच्यावर आरोपपत्र गेलं. डॉक्टरांची चौकशी वेगळी झाली. एका पानाची सूचना सगळ्या दवाखान्यांना पाठवली असती, तर कोणीतरी जुन्या नोंदी ताडून पाहिल्या असत्या. दोष असलेला माल मी खूप पाहिला. पण दोष माहीत असून गिऱ्हाइकाला अंधारात ठेवणं हा गुन्ह्याचा वेगळा प्रकार आहे, हे मला त्या प्रकरणानं शिकवलं. आणि जे दिसत नाही ते लिहिलंच नव्हतं असं पंचनाम्यात टाकू नये, हेही. ती चूक माझ्या सहीची होती.

ती संशयातून सुटल्याचं सांगायला मी स्वतः लांजीला गेले. सिस्टरनं पाणी दिलं, समोर बसली.

“मॅडम, म्या हिंदीत लिहिलं असतं, त वाचली असती ना ते?”

“हौ,” मी म्हणाले. “पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी ओळ तुटते, हे तुम्हाला सांगायचं काम कंपनीचं होतं.”

तिनं मान हलवली. दवाखान्यानं परत बोलावलं, पण ती गेली नाही. मला म्हणाली, आता काही लिहायला घेतलं की हात थांबते.