लाटांच्या तलावाची ओटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही — आणि हाही भित्रेपणाच, नाही का?

गाव आमचं मुरबाडकडे, काळू नदीच्या काठी. घरात आम्ही दोघी जावा. थोरली हिराताई, धाकटी मी. ती शाळेची पायरी न चढलेली, मी बारावी पास. आणि तरी मान तिचा! श्रावणात नदी दुथडी भरली की बायका काळूची ओटी भरायला जातात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. पहिली ओटी हिराताईच्या हातची, मग बाकीच्या पुढे व्हायच्या. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. तिच्या हाताला गुण आहे म्हणायच्या सगळ्या. मला ते सलायचं — नुसतं सलायचं नाही, पोटात दुखायचं. आता लपवून काय करू?

तर आमच्या बचत गटाची सहल ठरली. काचेमागचे समुद्री मासे बघायचे आणि मग वॉटर पार्कमध्ये भिजायचं. आदल्या संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. हिराताई जवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "गो सविता, तिथल्या पाण्याची ओटी भरायला लागंल का? तू शिकलेली, तुला ठाऊक असंल."

मी त्या घरात आल्यापासून तिने मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. खरं उत्तर किती सोपं होतं! मी म्हणाले, "लागते ना ताई. समुद्राचंच पाणी आणलंय तिथं. ओटी भरल्याशिवाय कोणी उतरत नाय."

थट्टा होती म्हणू? नव्हती. चारचौघींत तिची फजिती व्हावी, एवढंच मला हवं होतं.

वाटेत शहापूरला बस चहाला थांबली. तिने बाजारात जाऊन नारळ घेतला — कानाशी हलवून, पाणी बघून, चांगला निवडून. तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी चहा पीत राहिले.

मासे बघताना तर सगळ्या तिच्याच भोवती. काचेला नाक लावून ती म्हणाली, "पापलेट जिता असा असतो काय गो? आपल्याकडं तं बर्फातलाच येतो." बायका पोट धरून हसल्या, पण ते हसू तिच्यासोबतचं होतं. ते बघून माझं मन आणखीच कडू झालं.

मग तो लाटांचा तलाव. भाड्याचे चकचकीत कपडे घालून बायका काठावर लाजत उभ्या. हिराताई साडीतच. खांद्याची पिशवी उघडली, माझ्याकडे बघून विचारलं, "इथंच ना गो?" मी मान हलवली. आणि मी फोन वर धरला, शूटिंग करायला.

तिने डोक्यावर पदर घेतला. हळदकुंकू वाहिलं, तांदूळ सोडले, खण सोडला, नारळ सोडला. पाणी लाल झालं. शिट्टी वाजली, लाटा बंद झाल्या, सगळ्यांना बाहेर काढलं. रखवालदार पोरगा ओरडत आला. कुठली कुठली पोरं शूटिंग करत होती, माझ्यासारखीच. "कोणी सांगितलं हे करायला?" त्याने विचारलं.

हिराताईने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग म्हणाली, "कोणी नाय रे बाबा. मीच अडाणी हाय."

मी काय केलं? फोन खाली घेतला. बस्स, एवढंच. तिला रखवालदाराने दाराबाहेर नेऊन बसवलं, आणि पाणी साफ झाल्यावर दुपारभर मी त्याच तलावात डुंबले. येताना बसमध्ये बायकांनी तिची नक्कल काढली, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मीच हसले. ती पुढच्या सीटवर होती. खिडकीबाहेर बघत होती.

घरी तिने माझं नाव सांगितलं नाही. कधीच नाही. त्या श्रावणात बायका बोलवायला आल्या तेव्हा मात्र ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. "माझा हात नको आता. लोक हसतील. नदीचं कशाला हसं?" कोणीतरी म्हणालं, मग सविता आहे की, तीही त्याच घरची, वर शिकलेली.

नाही म्हणायला जीभ उचलली नाही माझी. का उचलावी? हेच तर हवं होतं मला.

तेव्हापासून पहिली ओटी मीच भरते. बायका माझ्या मागे उभ्या राहतात. हात जोडते खरी, पण पाण्याकडे बघवत नाही. ताट अजूनही हिराताईच भरून देते. नारळ हलवून बघते, खणाची घडी नीट करते. "तांदूळ जरा जास्त घातलेत गो," म्हणते, "नदीला कमी नको." आणि दाराच्या आतून ताट माझ्या हातात ठेवते.

मी ते घेते.