मैयाची माती आणि बिजलीचा खूर

हे लिहावं की नाही, याच घोळात मी बरेच दिवस होतो. अनुभव सांगणाऱ्याला निदान आपल्याला काय अनुभव आला, हे तरी ठाऊक असावं. मला ते अजून नीट कळलेलं नाही. कारखान्यात सगळी नोकरी सुटे भाग मोजण्यात गेली, केसाएवढा फरक बोटाला समजायचा. पण माझ्याच अंगणात जे घडलं, ते कुठल्या मापात बसवावं हे मला सुचत नाही.

बिजली ही आमची घोडी. आमची मुलगी लहानपणी जिच्या टांग्यातून शाळेत जायची, तीच ही. ई-रिक्षा आल्या, टांगा बंद पडला, तेव्हा मी तिला नर्मदेच्या ग्वारीघाटाजवळच्या आमच्या घरी घेऊन आलो. "जावई आणायच्या वयात घोडी आणली," असं म्हणून बायको हसली होती. पण सकाळचा गुळाचा खडा बिजलीला तीच भरवते. मुलगी आता दूर नोकरीला आहे. तिचा फोन आला की आधी बिजलीची चौकशी, मग आमची.

झालं असं, की मी अंगणात एक जुनी लाकडी पेटी फोडली आणि तिच्यातला खिळा बिजलीच्या पुढच्या उजव्या खुरात गेला. खिळा काढला, बारीकसं भोक राहिलं. माझ्याच निष्काळजीपणाची इतकी लाज वाटली की कुणाजवळ बोललो नाही. घाटावरून नर्मदामैयाची ओली माती आणली, हळद मिसळून भोकात दाबून भरली आणि वरून फडकं घट्ट बांधलं. रोज नवी माती, रोज नर्मदाष्टक. आमच्या घरी ताप आला तरी कपाळाला हीच माती लागते, मग खुराला का नको, असं वाटलं.

आठवड्याभरात बिजली तीन पायांवर आली. तो खूर जमिनीला टेकवीना, पाय वरपर्यंत सुजला, खाणं सुटलं. गुरांचे डॉक्टर आले. ते फडकं सोडायला लागले तसा मीच त्यांचा हात धरला. म्हणालो, "साहब, मैया की मिट्टी है, रहने दीजिए." खिळ्याचं तर सांगितलंच नाही. त्यांनी वरूनच पाय चाचपला. हाड मोडलेलं असावं आणि या वयात ते सांधणार नाही, असं त्यांचं मत पडलं. दुखणं कमी व्हायचं औषध दिलं आणि म्हणाले, परवा सकाळी येतो. तोवर पाय टेकला नाही, तर इंजेक्शन देऊन तिला मोकळं करणं हीच दया.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी घाटावर गेलो आणि हात जोडून म्हणालो, मैया, उद्या सकाळच्या आत तूच हिला ने. मला हो म्हणायला लावू नकोस. घोडी बरी होऊ दे, असं मी मागितलं नाही. ही माझी भित्री प्रार्थना होती, आणि ती इथे लिहितानाही मान खाली जाते.

त्याच दुपारी फाटकाशी "नर्मदे हर" असा आवाज आला. वाटलं, मैयाच बिजलीला न्यायला आली. पाहतो तर परिक्रमेतल्या एक वयस्कर बाई, पाठीवर झोळी, लंगडत उभ्या. बोली साताऱ्याकडची. "मूठभर मीठ आणि ऊन पाणी मिळंल का? टाचंत काटा मोडलाय, पिकलाय."

त्या घमेल्यात पाय बुडवून बसल्या आणि बिजलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिला पण द्या की पाणी." त्यांच्या सांगण्यावरून मी दोन्ही पुढच्या खुरांना हात लावला. डावा गार होता, उजवा तव्यासारखा तापलेला. "आत काय भरलंय?" त्यांनी विचारलं, आणि मी खिळ्यापासून सगळं सांगून टाकलं. मागे बायको उभी होती. "हे डॉक्टरला काहून नाही सांगितलं तुम्ही?"

"पू धरलाय," बाई म्हणाल्या. "माझ्या माहेरी टांगं हुतं, हेच बघत वाढले. पुवाला बाहेर पडाया वाट लागती, ती तुम्ही बुजवली. मैयाची माती कपाळाला लावावी, भोकात कशाला?" त्या रागावल्या नव्हत्या. मी सुरी आणायला निघालो तर अडवलं. ते डॉक्टरांचं काम. त्यांनी बोथट काडीने माती काढली. बादलीत मिठाचं सोसवेल इतकं गरम पाणी घेऊन आम्ही खूर अर्धा तास बुडवून धरला. मग गव्हाच्या कोंड्याचा मीठ घातलेला गरम लेप, त्यावर शेजारच्या तान्ह्या बाळाचं डायपर, वरून प्लास्टिकची पिशवी आणि चिकटपट्टी. बाईंनी खिचडी खाल्ली आणि ऊन उतरायच्या आत काठाची वाट धरली. मी त्यांचं नावही विचारलं नाही.

सकाळी पट्टी सोडली तर काळं, घाण वासाचं पाणी बाहेर आलेलं होतं, आणि बिजलीने खूर टेकवला होता. मी तिच्या मानेला मिठी मारून रडलो. डॉक्टर आले ते शेवटच्या इंजेक्शनची बॅग घेऊनच. त्यांनी भोक जरासं मोठं केलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि मला चांगलं झापलं. शेकणं पुढे बरेच दिवस चाललं. आता ती अंगणभर फिरते.

पण माझा गोंधळ फिटत नाही. ज्या मातीवर मी भरवसा ठेवला, तिनेच दुखणं वाढवलं; गुण आला तो मिठाच्या पाण्याने. बाईंच्या टाचेत काटा मोडला नसता, तर त्या पुढे निघून गेल्या असत्या. मग त्या काट्याचेही आभार मानायचे का? बायको म्हणते, "आता काय मोजून राहिले? उभी आहे ना ती." तिचंच बरोबर असावं. माझी भक्ती म्हणजे बहुधा माझाच हट्ट होता; मैयाला काही करू द्यायला मी कुठे जागाच ठेवली नव्हती.

अजूनही रोज घाटावर जातो. चिमूटभर माती कपाळाला लावतो, हात धुतो, मागत काही नाही. एवढंच म्हणतो, मैया, त्या दिवशी तू माझं ऐकलं नाहीस, तुझे फार उपकार झाले.