आमचा बिननावाचा दाढीवाला

कतारमधल्या आख्ख्या दोह्यात चित्रांतलं माझ्याएवढं कळणारा दुसरा माणूस नाही! म्हणजे मी सातवी नापास. चित्राची वरची बाजू कुठली, ते खोक्यावरचा बाण बघून ठरवतो. पण एकाच संग्रहालयात पंधरा वर्षं चित्रं टांगली की किस्से लाकडाच्या भुशासारखे साचतात. कितीही झटका, खिशात उरतातच.

यंदा युरोपातून उसना आला तो दाढीवाला. चारशे वर्षांपूर्वीचं तैलचित्र. काळे कपडे, गळ्याभोवती पांढरी चुण्यांची कॉलर, जणू कुरडईतून मुंडी बाहेर काढलीय. पाटीवर लिहिलेलं, ‘चित्रकार अज्ञात’.

*

लायटिंगचा इंजिनियर प्रसाद लातूरचा, नवीनच आलेला. त्याला म्हटलं, "याच्याकडे पाठ करायची नाही हं. इथला रूल आहे."

एवढा शिकलेला माणूस, आठवडाभर उलट्या पावलांनी बाहेर! एकदा मोठ्या साहेबांनी बघितलं. साहेब म्हणाले, "व्हेरी रिस्पेक्टफुल!"

दुसऱ्या दिवसापासून साहेबही उलटे!

*

मग परदेशी तज्ज्ञ आला. तासभर चित्रासमोर उभा. चित्रकार कोण, काही सुचेना. मी प्रसादकरवी सांगितलं, "काढणारा घाईत होता. डावा हात काढायचा कंटाळा, म्हणून झग्यात लपवला."

त्यानं वहीत लिहून घेतलं. महिन्याभरात तेच वाक्य इंग्रजीत भिंतीवर! खाली नाव त्याचं.

*

आमच्या फिलोमिनाबाई वसईच्या. रोज टॉर्च घेऊन चित्रावर ओरखडा, डाग शोधायचा आणि रिपोर्ट लिहायचा, हे त्यांचं काम. शनिवारी त्यांच्या लेकीचं लग्न, गुरुवारी संध्याकाळचं विमान.

नेमकी त्याच दिवशी खंडेनवमी. मी ड्रिलला, शिडीला कुंकू लावलं. अगदी शिस्तीत, पांढरे हातमोजे घालून! उदबत्ती नाही, अलार्म वाजतो. मग दाढीवाला जरा तिरका वाटला, म्हणून फ्रेम सरळ केली. तेच हातमोजे घालून.

दुपारी बाईंचा टॉर्च फ्रेमच्या कोपऱ्यावर थांबला. लाल ठिपका.

प्रसाद पुटपुटला, "काका, खलास!"

डाग कशाचा, कुणी लावला, हे लिहिलं तर साहेब लगेच सही करून बाईंना सोडणार. नाहीतर चित्राच्या मालकांचा माणूस युरोपातून येईपर्यंत बाई इथंच. तेवढ्यात लेकीचा फोन. "मम्मा, पॅकिंग डन?" बाईंनी फोन कट केला.

मी कबूल केलं. पण पुढच्याच महिन्यात माझं काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं. म्हटलं, "बाई, कुंकू लिहा, पण माझं नाव कशाला? एवढ्या मोठ्या चित्राला चित्रकार अज्ञात चालतो, मग एका ठिपक्याला नाही चालणार?"

बाईंनी पेन पुढं केलं.

"दत्तूकाका, त्याला चारशे वर्षांत कुणी ओळखलं नाही. तुम्हाला आख्खं दोहा ओळखतं. यल्ला, चला, सही करा, माझं विमान आहे!"