तांदळाच्या पोत्याखालची पुस्तकं

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत छत्तीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीच्या समारंभात जो तो एकच गोष्ट सांगत होता, की गुरुजींच्या वर्गात वाचता न येणारं मूल तपासणीत कधी निघालं नाही. ते खरं होतं. तपासणीत कधीच निघालं नाही. ते कसं साधायचं, हे मी आजवर घरातही सांगितलेलं नाही.

सणसरच्या पुढं, कालव्याकाठच्या वस्तीवर माझी शेवटची शाळा होती. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार वर्ग. तपासणीचं पथक येणार असं कळलं की मी मनातल्या मनात पोरांचे दोन भाग करायचो, वाचणारी आणि न वाचणारी. न वाचणाऱ्या प्रत्येकाला पुस्तकातलं एक पान नेमून द्यायचो. त्यानं ते पान पाठ करायचं. कुठल्या शब्दाला बोट कुठं पाहिजे, ओळ संपली की खाली कधी यायचं, तेही पाठ करायचं. मग त्याचं पुस्तक त्या पानावर उघडून, पालथं घालून, खिचडीच्या तांदळाच्या पोत्याखाली दोन दिवस दाबून ठेवायचो. बांधणी तिथं अशी मोडायची की पुस्तक हातात घेतलं की तेच पान उघडायचं. साहेब म्हणायचे, "कुठलंही पान उघड आणि वाच." पोर उघडायचं आणि वाचायचं. साहेब खूश व्हायचे, पोरही खूश व्हायचं.

मी याला फसवणूक म्हणत नव्हतो. आधी पाठ झालं की अक्षरं मागून येतील, असं स्वतःला समजावत होतो. काहींची आलीही. ज्यांची आली नाहीत ती चौथी पास होऊन गेली आणि मी पुढची पोरं हाताशी घेतली.

निवृत्तीनंतर मी बारामतीत राहायला आलो. गेल्या जूनमध्ये त्या शाळेतल्या आताच्या मॅडमचा फोन आला. पहिलीच्या मुलांच्या आयांचे आता गट केले आहेत, म्हणाल्या. गटाची एक लीडर माता असते. दर आठवड्याला फोनवर मुलांसाठी एक खेळ लिहून येतो. तो तिनं बाकीच्या आयांना सांगायचा आणि त्यांनी घरी मुलांकडून करून घ्यायचा. "आमची लीडर तुमचीच विद्यार्थिनी आहे, गुरुजी, आठवी शिकलेली. मेळाव्याला तुम्ही पाहिजेच."

एसटीनं गेलो. शाळेपुढं नवं पत्र्याचं शेड झालं होतं. सतरंजीवर पंधरा-वीस बायका, पुढं मुलं. लीडर उठून पाया पडली आणि मी तिला लगेच ओळखलं. खणखणीत आवाजाची पोरगी. पथकापुढं मी पहिल्यांदा तिलाच उभं करायचो. वस्तीवरच्याच घरात लग्न होऊन ती इथंच राहिली होती. इतक्या वर्षांनंतर तिच्याबद्दल माझ्या डोक्यात एवढंच उरलं होतं की ही फार सुरेख वाचायची. ती माझ्या मनातल्या दुसऱ्या, न वाचणाऱ्या भागातली होती, हे मी विसरलो होतो. खोटं मीच रचलं होतं आणि मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

एक ठसक्यातली बाई म्हणाली, "गुरुजी, आमची लीडर बिनकागदाची हाय बरं का. फोन घरी ठेवून येती आन् समदं घडाघडा सांगती."

"तुमाला फोनात बघितल्याबिगर भाजीत मीठ पडत न्हाय, त्याला मी काय करू?" लीडर म्हणाली. बायका हसल्या.

मी बोलायला उभा राहिलो. चार शब्द बोलून टेबलावरचं पहिलीचं पुस्तक उचललं आणि तिच्या हातात दिलं. "वाच. कुठलंही पान."

"राहू द्या गुरुजी. आता पोरींनी वाचायचं."

"साहेबांपुढं कधी लाजली नाहीस, आता काय लाजतेस?"

तिची मुलगी समोरच बसली होती, मान वर करून आईकडं बघत. तिनं एकदा मुलीकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. पुस्तक उघडलं. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

"तळ्याकाठी एक बगळा उभा होता. त्याचा एक पाय पाण्यात होता..."

मी तिच्या शेजारी उभा होतो. पानावर भाजीच्या हातगाडीचं चित्र होतं आणि खाली भाज्यांची नावं. तळं नव्हतं. बगळा नव्हता. तिचं बोट शब्दाशब्दाला सरकत होतं, ओळ संपली की खाली येत होतं. शेवटची ओळ संपली तरी बगळ्याचा धडा संपला नव्हता. मग बोट खालच्या कोऱ्या जागेवर तसंच ठेवून तिनं उरलेली चार वाक्यं म्हटली. तो मी नेमून दिलेला धडा होता. एक शब्द इकडचा तिकडं झाला नव्हता.

पान माझ्याशिवाय कुणालाच दिसत नसावं. मॅडम समोरून कौतुकानं बघत होत्या. काय करायला पाहिजे होतं ते मला त्याच क्षणी कळत होतं. मी म्हणालो, "शाब्बास." टाळ्या पडल्या.

फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होतो, तेव्हा ती झपाझप चालत आली. एकटीच होती.

"गुरुजी, शाब्बास कशाला म्हणालात?"

"लोकांत तुझी शोभा..."

"माझी का तुमची?"

मी एसटीच्या वाटेकडं बघू लागलो. तीच पुढं बोलली. "तवाबी शाब्बासच म्हणला हुता. मी घरी जाऊन सांगितलं, मला वाचता येतंय. आईला खरं वाटलं. मलाबी खरं वाटलं. पाचवीत दुसरं पुस्तक हातात आलं तवा कळलं."

"मग आठवीपर्यंत?"

"शेजारणीचं बघून लिवायची. चित्र काढल्यागत. अक्षर चांगलं हाय माझं." हे सांगताना ती हसली, आणि ते हसू मला बघवलं नाही.

फोनवरचा खेळ तिचा नवरा सकाळी रानात जाण्याआधी एकदा वाचून दाखवायचा. "एकदा ऐकलं की बसतंय डोक्यात. ती सवय तुमीच लावली."

"म्हणजे घरी माहीत आहे."

"ह्यांना ठावं हाय. पोरीला न्हाय. तिला अक्षरं लागाय लागलीत, गुरुजी. परवा साबणाच्या पुड्यावरचं अर्धं वाचलं आन् म्हणली, आई, पुढचं तू वाच. मी म्हणलं, दूध उतू चाललंय. किती दिवस दूध उतू घालवू? दिवाळीपतोर तिला आपसूक कळंल. मग माझं कुठलं बोलणं ती खरं धरंल?"

मी घाईनं म्हणालो, "मी शिकवतो. बारामतीला घरी ये. कुणाला कळणार नाही."

तिचा चेहरा बदलला. "परत चोरून? मी सांगितलं तर मी ढ ठरते, वर खोटारडी. तुमी सांगितलं तर मला वाचाय का येत न्हाय ते तरी कळंल. शनवारी बायका जमत्यात. या."

एसटी आली. तिनंच हात करून थांबवली.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. किती पोरांना किती पानं नेमून दिली, ते आठवायला बसलो. पानं आठवत होती, पोरं आठवत नव्हती. बायकोला सांगितलं. तिनं एसटीचं वेळापत्रक काढलं. मग म्हणाली, "शनिवारी सकाळची गाडी आहे."

शनिवारी शेडमध्ये मी उभं राहून सगळं सांगितलं. पोतं, पान, बोट, बगळा, आणि मागच्या आठवड्यातली माझी शाब्बासकी. मॅडम खाली बघत होत्या. ती ठसक्यातली बाई पुटपुटली, "म्हंजे म्हणून बिनकागदाची व्हय," आणि तिनंच जीभ चावली. कुणी हसलं नाही.

मग मागून एक बाई म्हणाली, "माझं पान विहिरीचं हुतं."

मी बघतच राहिलो. चेहरा अजिबात ओळखीचा वाटेना. "तुमी हितं यायच्या आधी लासुर्ण्याच्या शाळेवर हुता तवा," ती म्हणाली. "पाठ हाय अजून. म्हणू?"

"नको," मी म्हणालो.

लीडरच्या मुलीनं आईचा पदर ओढला. "आई, मग तू त्या दिवशी वाचलंस ते?"

"ते वाचलं न्हाय. बोलले नुसती."

"मला वाटलंच. मला खालून भाजीची गाडी दिसत होती, पण तू म्हणालीस त्यात गाजर नव्हतं."

पोरीनं त्या दिवशीच ओळखलं होतं आणि आठवडाभर आईला एका शब्दानं विचारलं नव्हतं. तिच्या आईनं तोंडावर पदर घेतला.

मॅडमनी हळूच विचारलं, लीडर दुसरी करायची का. ठसक्यातली बाई लगेच म्हणाली, "कशाला? फोन मी वाचते, सांगंल ही. मी सांगितलेलं माझ्या पोरालाबी कळत न्हाय."

आता मी बुधवारी आणि शनिवारी जातो. दोघीच बसतात, बगळ्याची आणि विहिरीची. पाठ झालेलं कुठलंही पुस्तक मी घेत नाही. खताच्या पिशव्या, औषधाच्या चिठ्ठ्या, एसटीच्या पाट्या, जे कधी ऐकलेलं नाही ते लिहून आणतो. ऐकून धरायची सवय लीडरला फार नडते. पहिलं अक्षर लागलं की ती अंदाजानं पुढचा शब्द ठोकते, आणि तो बहुतेक वेळा चुकतो.

परवा 'डाळिंब' लिहिलं होतं. 'डा' लागला. ती 'डाळ' म्हणाली, थांबली, पुन्हा बघितलं. माझ्या ओठांवर शब्द आला. तिनं कागदावरची नजर न काढता हात वर केला.

"सांगू नका, गुरुजी."

मी गप्प बसलो. तिचं बोट 'ळिं'खाली थांबलेलं होतं आणि पुढं सरकत नव्हतं.